बंदराहून आलेला बंब

१२ ऑक्टोबर

आज दसरा. दरवर्षी या दिवशी मी नागपूरला दीक्षाभूमीवर असतो. यंदा रुपा आणि मुली गेल्या, मी राहिलो. बंब वाटेत होता आणि तो ताब्यात घ्यायला करंजटोला नगरपंचायतीकडे कायम असा एकच ड्रायव्हर आहे, तो मी. आजवर पाण्याचा टँकर चालवला. पन्नाशी तोंडावर आली असताना आता आग विझवायला शिकायचं आहे.

ऊन उतरल्यावर गाडी आली. किनाऱ्यावरच्या एका शहरात बारा वर्षं चाललेली. त्यांनी नवी घेतली, जुनी आमच्या वाट्याला आली. दुरून लाल रंग झकास दिसतो. जवळ गेलं की दाराच्या खालच्या कडा खाऱ्या वाऱ्याने कुरतडलेल्या. विक्कीने बोट लावलं तर आरपार गेलं.

"दयारामभाऊ, हे गाडी विझवाले अजून एक गाडी लागन," तो म्हणाला.

विक्की आणि भूपेंद्र हे माझे साथीदार. दोघेही कंत्राटी. सकाळी घंटागाडी, बाकी वेळ बंब. विक्की बोलतो, भूपेंद्र बोलत नाही.

गाडीसोबत शिकवायला एक माणूस आला आहे. उंच, काटक, पांढऱ्या मिशा. विटक्या खाकी शर्टाच्या खांद्यांवर दोन गडद चौकोन उमटलेले. तिथे आधी काही लावलेलं असणार, धुवायला काढलं असेल. मी विचारलं, "साहेब, आपलं नाव?" ते म्हणाले, "तांडेल." असं आडनाव कधी ऐकलं नव्हतं. समुद्राकडची आडनावं वेगळीच असतील. त्यांनी उलट माझं आडनाव विचारलं नाही. आमच्याकडे तेच आधी विचारतात.

विश्रामगृहात खोली ठेवली होती. ते म्हणाले, गाडीजवळच शेडमध्ये खाट टाका.

१४ ऑक्टोबर

सकाळी तांडेल साहेबांनी आम्हाला गाडीपुढे उभं केलं आणि सगळे कप्पे उघडले. एकेका वस्तूचं नाव ते मोठ्याने घेतात. ज्याच्या ताब्यात ती असेल त्याने तिला हात लावून "आहे" म्हणायचं. नळी. आहे. नोझल. आहे. सक्शन पाइप, त्याची जाळी, कुऱ्हाड, आकडा, दोर, शिडी. सगळ्यात शेवटी "पाणी?" आणि मी टाकीच्या काचेकडे पाहून "आहे" म्हणायचं. त्यांच्याकडे रोज पाळी बदलताना हे होतं. ते आपल्या शहराचं नाव घेत नाहीत, नुसतं बंदर म्हणतात.

विक्कीला हसू आवरेना. मला विहारातली सकाळ आठवली. तिथे भंते एकेक शील म्हणतात, आपण मागून म्हणतो. रोज तेच. पाठ असलं तरी रोज म्हणावं लागतं.

खालच्या कप्प्यात जाड कापडाच्या चार मोठ्या घड्या निघाल्या. तांडेल म्हणाले, "साल्वेज शीट."

"ताडपत्री म्हना न साहेब," विक्की म्हणाला. "लगनाच्या मोसमात भाड्यानं देऊ."

"ही गाडीतून उतरते ती आगीच्या ठिकाणीच," ते म्हणाले. हसले नाहीत.

१९ ऑक्टोबर

तलावावर नेऊन पंप चालवला. पाणी चांगलं लांब गेलं. पोरं, बायका, म्हशी, सगळे बघायला. परत आल्यावर तांडेल म्हणाले, "आता गोडं पाणी फिरवा." म्हणजे नळाचं पाणी पंपात घेऊन थोडा वेळ नुसतं खेळवायचं आणि सोडून द्यायचं. बंदरात खाडीचं पाणी वापरतात. ते आत राहिलं तर पंप खाऊन टाकतं.

"पन साहेब, इथलं पानी तं सारं गोडच हाय," विक्की म्हणाला. "समुद्र पाहाले आमाले दोन दिस रेल्वेत बसा लागते."

"तरी फिरव."

"कायले पन?"

"पंपाला काय ठाऊक तू कुठला आहेस ते."

विक्कीने नळ जोडला. पाणी फिरवलं तर काळा चिखल आणि शेवाळ निघालं. तांडेल ते बोटावर घेऊन बघत राहिले. जणू अशी माती त्यांनी पाहिलीच नव्हती.

२४ ऑक्टोबर

आज शेडच्या फरशीवर खडूने त्यांनी बंदराचा सगळा कारभार काढून दाखवला. मध्ये मोठं केंद्र. एक चौकी गोदीजवळ, एक जुन्या बाजारात, एक खाडीच्या तोंडाशी. कुठेही फोन आला तरी तो आधी कंट्रोल रूममध्ये जातो आणि तिथून ज्याची हद्द त्याच्याकडे घंटा वाजते. पाण्याचे बंब वेगळे; बोटींच्या डिझेलसाठी फेसाचा वेगळा; उंच इमारतींसाठी शिडीची गाडी; खाडीत पडलेल्यांसाठी रबरी होडी. तीन पाळ्या. प्रत्येक चौकीवर अधिकारी. एका गाडीत सहा माणसं आणि प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली. जागाच सांगते की उतरल्यावर काय करायचं. कोणी कोणाला विचारत नाही.

भूपेंद्र बराच वेळ त्या चित्राकडे पाहून म्हणाला, "आमी तिघंच हावो."

मग त्यांनी सहा जणांची कामं तिघांत वाटून दिली. भूपेंद्र नोझलवर, विक्की नळी आणि शिडीवर. मी पंपाशी.

"ड्रायव्हर पंप सोडत नाय," ते म्हणाले. "पुढे माणूस आगीत उभा आहे, त्याच्या हातात नळी आहे आणि नळीत पाणी तू देतोस. तू हललास की तो मेला."

"घरचं कोणी असलं तर?" मी विचारलं.

"तरी."

"आणि हुकूम कोण देणार? तुमच्याकडे अधिकारी असतो."

"इथे तूच. पंपाशी उभा असतो त्याला सगळं दिसतं. नोझलवाल्याला फक्त जाळ दिसतो."

रात्री जेवताना रुपाला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हन्जे तुमी साहेब झाले?" मी म्हटलं, नाही, एका जागी उभं राहायचं काम मिळालं.

६ नोव्हेंबर

दिघोरीला लीलाबाईकडे जाऊन आलो. तांडेल साहेबांना सोबत नेलं, दिवाळीत ते एकटेच शेडमध्ये होते. त्यांना घरून फोन येताना दिसत नाही. किनाऱ्याकडचे लोक कमी बोलत असतील.

लीलाबाई माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. तिने मला तिच्या सासरी आणलं आणि दिघोरीच्याच शाळेत दहावीपर्यंत शिकवलं. माझे भाऊजी हिरालाल यांनी कधी त्याचा उल्लेखही केला नाही. अजूनही मी गेलो की ती आधी ताट वाढते, मग विचारते काय काम काढलं.

धानाची कापणी सुरू आहे. हलक्या धानाची पुंजणी लागायला लागली आहेत. रस्त्यावरून तांडेल साहेबांनी विचारलं, "शेतात ही घरं कोणाची?"

मला आधी कळेना. मग लक्षात आलं, ते पुंजण्यांना घरं समजले. कापलेल्या धानाचे भारे गोल रचून वर निमुळतं करतात, पाऊस आला तर ओघळून जावा म्हणून. लांबून खरंच झोपडीसारखं दिसतं. मी सांगितलं की मळणी होईपर्यंत वर्षाचं धान असंच बांधीत, म्हणजे शेतातच, उभं राहतं.

"वर्षाचा सगळा भात? उघड्यावर? आणि एकमेकांना चिकटून?"

"जागा तेवढीच आहे."

घरी पोचेपर्यंत ते पुंजणी मोजत होते.

लीलाबाईचं हिरानक्की जातीचं धान अजून उभं आहे, भारी असतं ते, उशिरा येतं. भात शिजला की वास गल्लीपर्यंत जातो. आता गावात हे बियाणं फार कोणी ठेवत नाही. तिने आमच्या आईकडून आणलेलं आहे. तिच्या बांधीला लागून इश्वरची बांधी. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं झाड आहे. मोहफुलं कोणी वेचायची यावरून दोन्ही घरांचं बोलणं तीन वर्षांपासून बंद आहे. त्याआधी लीलाबाईच्या बाळंतपणात इश्वरच्या आईने तिला पंधरवडाभर डबा पाठवला होता. हे दोन्ही लीलाबाईच सांगते, एकाच दमात.

तांडेल साहेबांनी तीनदा भात घेतला. लीलाबाई खूश. मला म्हणाली, "मानूस चांगला हाय. बायको नाई वाटते."

मी म्हटलं, "काहून?"

"बटन पाह्य न, कोनत्या रंगाच्या धाग्यानं लावलं."

१५ नोव्हेंबर

आज सरावासाठी पडीक जागेत जुन्या तणसाचा, धानाच्या वाळल्या काडाचा, ढीग पेटवला. भूपेंद्रने नोझल उघडलं, मी पाणी सोडलं, पूर्ण जोराने. धार ढिगात घुसली आणि जळतं तणस फुटून चहूकडे उडालं. एक गुच्छ विक्कीच्या टोपीवर पडला. एकीच्या पाच आगी झाल्या.

"मले विझवा आधी!" विक्की ओरडत पळत होता.

तांडेल साहेबांनी गडबड केली नाही. दाब कमी करायला लावला, नोझल फिरवून धारेचं धुकं करायला लावलं. धुकं खाली बसलं, आगही बसली.

मग त्यांनी गोदामाची गोष्ट सांगितली. त्यांच्या गोदीत तांदळाच्या पोत्यांना आग लागली होती. यांनी जोर लावून पाणी मारलं, विझवली, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर गोदामाचा दरवाजा आतून फुगला होता. तांदूळ भिजून फुगला, पोती फाटली. "आगीने एक कोपरा घेतला होता," ते म्हणाले. "बाकीचं आम्ही घेतलं. तेव्हापासून त्या शीटा गाडीत आहेत. जे जळतंय त्याला सोड. जे जळायचंय ते झाक."

हे मला पटलं आणि पटलंही नाही. जळतं कसं सोडायचं?

२३ नोव्हेंबर

मुख्याधिकारी तृप्ती मॅडमनी शाळेच्या कार्यक्रमाला सावलीसाठी गाडीतल्या शीटा मागितल्या. तांडेल साहेब नाही म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम चांगल्या आहेत, एकट्या तीन खाती सांभाळतात. त्या रागावल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यांचं पत्र आठच दिवसांचं होतं ना? महिना उलटून गेला. मी काही विचारलं नाही. आपल्याला बरंच आहे."

मलाही वाटतं, मोठ्या शहराचा कारभारच दिलदार. एवढा अनुभवी माणूस इतके दिवस आमच्यासारख्यांना देऊन ठेवला. मी साहेबांना विचारलं, परत बोलावणं कधी येणार? ते म्हणाले, "येईल तेव्हा येईल," आणि नळी गुंडाळायला लागले. ती आधीच गुंडाळलेली होती. त्यांनी उलगडून पुन्हा गुंडाळली.

६ डिसेंबर

संध्याकाळी विहारात मेणबत्त्या. तांडेल साहेब बाहेर चप्पल काढून मागे बसले. निघताना त्यांनी सगळ्या विझल्या का ते एकेक पाहिलं. सवयच ती.

लीलाबाईचा फोन होता. हिरानक्की कापून पुंजणं लागलं. यंदा चांगलं झालं म्हणते. मळणीच्या मशीनचा नंबर पुढच्या आठवड्यात.

९ डिसेंबर

आजचं आजच लिहून ठेवतो.

दुपारी शेडमध्ये बसलो होतो. मोबाइलवर भाऊजींचा फोन. एवढंच म्हणाले, "दयाराम, पुंजनं पेटलं. गाडी आन." कोणाचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आवाजावरून समजलं.

घंटा नाही आमच्याकडे. विक्कीने शिट्टी मारली. तिघे आपापल्या जागी बसलो, तांडेल साहेब मागे.

बांधीत पोचलो तेव्हा लीलाबाईचं पुंजणं वरपासून खालपर्यंत पेटलेलं होतं. त्याला आवाज असतो, हे मला माहीत नव्हतं. लाह्या फुटतात तसा, पण मोठा. वारा धुऱ्याकडे होता. मोहाच्या झाडापलीकडे इश्वरचं पुंजणं, त्याच्या वरच्या पेंढ्यांतून धूर निघायला लागला होता. त्यापुढे रांगेने बाकीच्यांची. गाडीत एक टाकी पाणी. तलाव लांब, बांध्यांतून सक्शन तिथवर पोचणार नव्हतं.

भाऊजी आकड्याने कडेचे भारे ओढून काढत होते. लीलाबाई धावत आली. "दयाराम, इकडं मार! इकडं!"

भूपेंद्र नोझल घेऊन उभा राहिला आणि माझ्याकडे पाहायला लागला. विक्कीसुद्धा. मी तांडेल साहेबांकडे पाहिलं. ते गाडीच्या मागच्या पायरीवर उभे होते आणि आभाळाकडे बघत होते. मला खात्री आहे त्यांनी मुद्दामच तिकडे पाहिलं.

मी म्हणालो, "विक्की, शीटा काढ. इश्वरच्या पुंजण्यावर टाका. भूपेंद्र, धुकं. शीट ओली ठेव. धार करू नको."

माझाच आवाज होता तो.

इश्वर आडवा आला. "पानी नोका मारू! धानाले कोंब फुटते! अख्खं पुंजनं वाया जाईन!" त्याला वाटलं, लीलाबाईच्या भावाने सूड घ्यायचं ठरवलं. भूपेंद्रने त्याला उचलून बाजूला ठेवलं. शिडी लावली, दोन शीटा वरून पसरल्या, दोन बाजूंनी बांधल्या. पाणी शीटवर पडत राहिलं आणि कडेने ओघळत राहिलं. ठिणग्या येत आणि चुर्र होऊन विझत.

मी पंपाशी. एक हात दाबाच्या चाकावर. डोळा टाकीच्या काचेवर.

लीलाबाईने माझी बाही धरली. "माह्या घरी जेवून मोठा झाला तू," ती म्हणाली, "अन् पानी त्याले?"

मी हललो नाही. हलता आलं असतं. भूपेंद्र सुरक्षित उभा होता, क्षणभर मी वळलो असतो तर त्याचं काही बिघडलं नसतं. पण मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर नोझल तिकडे वळवायला सांगितलं असतं, हे मला ठाऊक होतं. थोड्या वेळाने तिने बाही सोडली आणि धुऱ्यावर मोहाखाली जाऊन बसली.

पाणी संपायच्या आत तिचं पुंजणं खाली बसलं. राख आणि मध्ये लाल. इश्वरचं आणि पुढची सगळी उभी राहिली. शीट काढली तर आतलं धान कोरडं होतं. भाऊजींनी ओढून काढलेले काही भारे तेवढे वाचले, तेही अर्धे करपलेले.

शेडमध्ये आल्यावर विक्कीने काही न विचारता गोडं पाणी फिरवलं.

१० डिसेंबर

पंचनामा झाला. कारण कळलं नाही. तलाठ्यांनी सगळं लिहून नेलं.

लीलाबाई माझ्याशी बोलली नाही. मी ओट्यावर बसलो. ताट आलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. भाऊजींनी पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "जळनारच होतं ते. तू आला तवाच गेलं होतं." मग थांबून म्हणाले, "पन तिले आता काई सांगू नोको."

सकाळच्या वंदनेत "सब्बे सत्ता सुखी होन्तु" म्हणताना जीभ अडली. सगळे प्राणी सुखी होवोत हे म्हणायला सोपं आहे. काल एका टाकीत ते सगळे मावत नव्हते.

१४ डिसेंबर

तांडेल साहेबांना म्हटलं, मी चुकलो की नाही सांगा. बंदरात याला काय म्हणाले असते?

ते बराच वेळ पंपाचं झाकण पुसत होते. "बंदरात," ते म्हणाले, "अधिकाऱ्याने हुकूम दिला असता आणि तू नुसता पाळला असतास. तिथे हे सोपं असतं, बाबा."



२२ डिसेंबर

तांडेल साहेब गेले. सकाळी म्हणाले, "आता तुमचं तुम्हाला येतं," आणि पिशवी भरली. बोलावण्याचं पत्र आलं असावं, मी विचारलं नाही.

भंडारा रोड स्टेशनवर सोडायला मी आणि विक्की. आरक्षणाचा फॉर्म मी भरायला घेतला. आडनावाच्या जागी तांडेल लिहिलं आणि नाव विचारलं.

"मोरेश्वर भोईर," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मग तांडेल?"

ते हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनापासून. तांडेल हे आडनाव नाही, हुद्दा आहे. म्हणजे होता. बोटीवरचा मुख्य माणूस तो तांडेल. बंदरात बंबावरची पहिली माणसं बोटीवरून आलेली, त्यांनी शब्द सोबत आणला. आता कागदावर वेगळं लिहितात, पण चौकीत जुने लोक पुढच्या माणसाला तांडेलच म्हणतात.

"आमी अडीच महिने तुमाले हुद्द्यानं हाका मारून राहिलो!" विक्की म्हणाला. "सांगितलं काहून नाई?"

"बरं वाटत होतं," ते म्हणाले.

मी वय विचारलं. ते म्हणाले, "एकसष्ट." मी म्हटलं, साहेब, गंमत नको. सरकारी नोकरीत त्या वयाला कोण ठेवतं? त्यांनी माझ्या हातून पेन घेऊन स्वतः आकडा लिहिला. वय जास्त असलं की खालची बर्थ मिळते म्हणतात, त्यासाठीच असेल. खोटं लिहिलेलं मला थोडं खटकलं. पण गुडघे दुखत असतील, लांबचा प्रवास आहे. मी फॉर्म खिडकीत दिला.

गाडी सुटताना म्हटलं, तिकडे चौकीवर पोचलात की सगळ्यांना आमचा जयभीम सांगा. वाट पाहत असतील तुमची. त्यांनी हात वर केला. गाडी वळेपर्यंत तो तसाच होता.

शेडमधली खाट अजून काढली नाही. खडूचं चित्र विक्कीने पुसू दिलं नाही.

५ जानेवारी

भाऊजींचा फोन. "ये लवकर, तुही बहीन इश्वरच्या खळ्यावर गेली." मी घाबरलो. टँकर तसाच उभा करून निघालो.

घडलं ते असं. इश्वरकडे आज मळणीचं मशीन आलं. त्याच्या पुंजण्यात खालच्या थरात हिरानक्की निघालं. वासाने लीलाबाईला घरात बसल्या जागी कळलं म्हणते, ते मला खरं वाटत नाही. पण आठवलं तिला. मोहाच्या भांडणाच्या आधी इश्वरच्या आईने तिच्याकडून पायलीभर बियाणं नेलं होतं. ते दर हंगामात एका कोपऱ्यात पेरत आले. भांडण झालं तरी बियाणं त्यांनी टाकलं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा तिघी-चौघी बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. लीलाबाई कमरेला पदर खोचून खळ्याच्या मध्ये उभी. मशीन बंद.

"बियान्याचं धान कोनी मशीनमधी टाकते का?" ती इश्वरला सुनावत होती. "फुटते ते! पाटावर झोडा लागते. माह्या आईचं बियानं हाय हे, तुह्या बापाचं नोय!"

"मंग सांगाचं होतं न तवाच," इश्वर म्हणाला.

"कोनाले सांगू? तू बोलत होता का?"

"तू बोलत होती का?"

तीन वर्षांनी ही दोघं बोलत होती. पूर्ण खळं ऐकत होतं.

इश्वरने हिरानक्कीचे भारे वेगळे काढले. लीलाबाईने पाट मागितला, झोडायला बसली. इश्वरच्या सुनेने दुसरा पाट आणला, तीही बसली. मी कडेला उभा. लीलाबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. पेंढी आपटत आपटत म्हणाली, "ते साहेबाची ताडपत्री चांगली होती. एक दाना भिजला नाई."

मी म्हटलं, "हो."

"उभा काय राहिला मंग? घरी भाजी झाकून ठेवली हाय. जेवून जा."

१९ जानेवारी

सकाळी राइस मिलमागे कोंड्याचा ढीग धुमसत होता. लहानच. भूपेंद्रने सांगायच्या आधी धुकं धरलं. तलावाचं पाणी लागलं नाही, टाकीतलंच पुरलं.

परत आल्यावर मी बंबाच्या सीटवर बसून आजची नोंद करत होतो. विक्कीने बाहेरून हाक मारली, "तांडेल! गोडं पानी फिरवू का?"

मी वळून शेडच्या दाराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. खाटेवर नळी वाळत होती. विक्की खिडकीतून माझ्याकडेच पाहत होता, आणि या वेळी तो हसत नव्हता.

मी म्हटलं, "फिरव."